घरात आणखी कुणाला?

श्रोतेहो, नमस्कार.

बऱ्याच वर्षांपूर्वी इथं नागपुरात, ओपीडीच्या गर्दीत, भंडाऱ्याकडची एक आजी तेरा वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्यासमोर बसली. कबड्डीत गुडघा मुरगळला, असं घरच्यांनी धरलं होतं. दोन महिने तेल लावून मालिश झाली, सूज वाढतच गेली. पोरगा रात्री दुखण्यानं उठून बसायला लागला, तेव्हा कुठे एक्सरे निघाला. मी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. गुडघ्याच्या वर मांडीचं हाड कुरतडल्यासारखं दिसत होतं आणि त्यातून बाहेर मांसात, सूर्याच्या किरणांसारख्या, बारीक पांढऱ्या रेषा पसरल्या होत्या.

केसपेपर लिहिताना विचारलं, घरात आणखी कुणाला गाठीचा आजार झाला होता का? आजी चटकन म्हणाली, "नाही जी." मग पदर तोंडाशी नेऊन हळूच म्हणाली, "याच्या बापाची बहीण छातीतल्या गाठीनं गेली, बाई. तीस वर्साचीबी नोहती. पण हे लिहू नका जी, घरात लग्नाच्या पोरी आहेत."

त्या "लिहू नका"साठी आज मी तुमच्याशी बोलते आहे.

हाड, स्नायू, चरबी अशा ऊतींतून निघणाऱ्या कॅन्सरला सार्कोमा म्हणतात. त्या पोराला हाडाचा सार्कोमा होता. मोठ्यांच्या कॅन्सरमध्ये तो शंभरात एखादा, मुलांच्या कॅन्सरमध्ये मात्र शंभरात दहा ते पंधरा. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत फ्रेडरिक ली नावाचे तरुण डॉक्टर होते, तिशीही न गाठलेले. त्यांच्यासमोर एक बाप आला, त्याला रक्ताचा कॅन्सर. त्याच्या तान्ह्या मुलाला स्नायूचा सार्कोमा. लींनी हे दुर्दैव म्हणून सोडून दिलं नाही. त्यांनी आणि त्यांचे सहकारी जोसेफ फ्रॉमेनी यांनी स्नायूचा सार्कोमा झालेल्या ६४८ मुलांचे केसपेपर आणि मृत्यूचे दाखले चाळले. भावंडं, आई, मावशी, आत्या, कोण कशानं आणि कितव्या वर्षी गेलं, एवढंच शोधत. त्यातून एकाच घरात अनेकांना कोवळ्या वयात कॅन्सर झालेली चार कुटुंबं हाती लागली. १९६९मध्ये त्यांनी निबंध छापला, तेव्हा शीर्षकाच्या शेवटी "घराण्यातून येणारा विकार?" असं प्रश्नचिन्ह ठेवलं. मला ते प्रश्नचिन्ह फार मोलाचं वाटतं.

पुढं बारा वर्षं त्यांनी त्या चार घरांचा माग सोडला नाही. हयात असलेल्या ३१ जणांपैकी १० जणांना मिळून १६ नवे कॅन्सर झाले होते. सर्वसाधारण हिशेबानं एखादासुद्धा जास्तच ठरला असता. अखेर १९९०मध्ये कारण सापडलं: सतराव्या गुणसूत्रावरच्या पी-५३ या जनुकातला दोष. बिघडलेल्या पेशीला वाढू न देणारा हा राखणदार. तोच जन्मतः अधू असेल, तर माणसाला कोवळ्या वयातच कॅन्सर गाठू शकतो. या विकाराला आज ली-फ्रॉमेनी सिंड्रोम म्हणतात.

घाबरू नका, सार्कोमा झालेल्या बहुतेक मुलांच्या घरात असं काही नसतं. पण असलं, तर ते कळल्यानं उपचार बदलतात. अशा रुग्णाला शक्य तिथं रेडिएशन टाळतात, कारण त्यानंच नवी गाठ उद्भवू शकते. घरातल्या बाकी ज्यांच्यात हा दोष निघतो, त्यांची दरवर्षी एमआरआयसारखी तपासणी करून गाठ लहान असतानाच पकडता येते. आणि हा दोष बापाकडूनही येतो, आईकडूनही. प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. सुनेच्या माहेरावर खापर फोडणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

आणि ती मालिश. वाढत्या वयाच्या मुलाचं हाड एकाच जागी दुखत असेल, रात्री झोपमोड होत असेल, सूज दोन-तीन आठवड्यांत उतरत नसेल, तर चोळू नका, एक्सरे काढा. तपासणीसाठी गाठीचा तुकडाही ज्या हॉस्पिटलात पुढं ऑपरेशन व्हायचं तिथंच काढून घ्या. चुकीच्या जागी चीर पडली तर वाचणारा पायही जाऊ शकतो. केमोथेरपी नव्हती तेव्हा हाडाच्या या कॅन्सरमध्ये पाय कापूनही पाचातली चार मुलं जात. आज आजार पसरण्याआधी पोचलेल्या तिघांतली दोन मुलं वाचतात, आणि अनेकांचा पायही राहतो.

आमच्या त्या पोराचा पाय राहिला नाही. पोरगा राहिला. जनुकाची तपासणी तेव्हा आमच्या आवाक्यात नव्हती. पण आजीला समजावलं तेव्हा ती बोटांच्या पेरांवर मोजत एकेक नाव सांगत गेली आणि मी लिहीत गेले.

वर्षभरानं त्या लग्नाच्या पोरींपैकी थोरली एकटीच आली. दुखत-खुपत काही नव्हतं. म्हणाली, "आजीनं पाठवलं. तपासून घे म्हणे."