कुरतडलेल्या पानांची बाग

मंडळी, फुलपाखरांवर बोलायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणती फुलझाडं लावू? आधी पानांचं बोलू. फुलपाखराचं सगळं बालपण पानावर जातं, आणि कोणत्या झाडाच्या पानावर जायचं हे त्याच्या जातीनुसार ठरलेलं असतं. मध प्यायला त्याला झेंडू चालतो, सदाफुली चालते, रस्त्याकडेची घाणेरी चालते, पायाखालची एकदांडीसुद्धा चालते. अंडं घालायची वेळ आली की मात्र मादी फार चोखंदळ होते. ती एकेका पानावर उतरते आणि पुढच्या पायांनी पान ठोकून बघते. तिला चव पायांनी कळते. हे आपल्या पिल्लांचं पान नाही असं वाटलं की ती पुढं निघते. तुम्ही कधी एखादं फुलपाखरू असं झाडाझाडावर क्षणभर टेकत फिरताना पाहिलं असेल, तर ते भरकटलेलं नव्हतं; ते जागा शोधत होतं.

ज्या बागेत पान मिळतं तिथं फुलपाखरं जन्माला येतात. ज्या बागेत नुसतं फूल असतं तिथं ती येऊन जातात. मला स्वतःला पहिली बाग हवी, आणि ती लातूरसारख्या ठिकाणी सहज होते, हे मला आज पटवून द्यायचं आहे.

सुरुवात लिंबापासून करू, कारण ते बहुतेकांच्या दारात किंवा कुंडीत आहेच. काळ्या पंखांवर फिकट पिवळे ठिपके आणि मागच्या पंखावर एक तांबडा डाग, असं जे फुलपाखरू आपल्याकडं जवळजवळ वर्षभर दिसतं, त्याचं नाव लाइम बटरफ्लाय. मादी लिंबाच्या कोवळ्या शेंड्यावर एकेक पिवळसर, जेमतेम मिलिमीटरभर अंडं घालते. दोन-चार दिवसांत अळी निघते आणि तुम्हाला ती दिसूनही कळत नाही, कारण काळपट अंगावर पांढरे डाग घेऊन ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी पडून असते. कात टाकत टाकत वाढते, आणि शेवटची कात टाकली की एकदम हिरवीगार होते. पानाच्या रंगात रंग मिळवून बसलेली ती जाड अळी शोधणं हा लेकरांसाठी उत्तम खेळ आहे. काडीनं हलकेच डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी-तांबडं, दोन टोकांचं एक शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मुंग्या आणि इतर शत्रू दूर ठेवायला तिच्याजवळ तेवढंच हत्यार आहे. अंड्यापासून पंखांपर्यंत साधारण महिना लागतो. थंडीत कोशातला मुक्काम लांबतो.

हीच अळी जालन्याकडच्या मोसंबीच्या रोपवाटिकेत कीड म्हणून ओळखली जाते, आणि ते खरं आहे. हातभर रोपाची पानं गेली तर रोप जातं. ज्याचं पोट त्या कलमांवर आहे त्याला मी 'अळ्या राहू द्या' असं म्हणणार नाही. पण आपल्या अंगणातलं पाच-सात वर्षांचं लिंबू दहा अळ्यांनी मरत नाही. तिथं शेंड्याची थोडी पानं जातात आणि पुढच्या पालवीत परत येतात.

लिंबाच्या शेजारी कढीपत्ता असेल तर कॉमन मॉरमॉनही येईल. तेही काळं, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. त्याच्या माद्यांपैकी काही नरासारख्याच दिसतात आणि काही मात्र कॉमन रोज नावाच्या वेगळ्याच, विषारी फुलपाखराचा पोशाख घालतात, म्हणजे पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये ज्या ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला, ते याच कुळातलं. देशात असं फुलपाखरू जाहीर करणारं आपलं राज्य पहिलं. ते मुख्यतः सह्याद्रीकडच्या ओल्या मुलखाचं. ते आलं नाही म्हणून खंत नको, कारण त्याची भावंडं आपल्या दारात आहेत.

आता आपल्या मातीचं बोलते. आपला भाग पर्जन्यछायेतला. २०१६ च्या उन्हाळ्यात याच लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते इथं बसलेल्यांना वेगळं सांगायला नको. अशा वेळी कुंडीतली विकतची फुलझाडं किती टिकतात? पण गावाबाहेर पडा, माळावर रुई हिरवी असते आणि तरवड पिवळ्या फुलांनी भरलेला असतो. त्यांना कुणी घागरभर पाणी घातलेलं नसतं. फुलपाखरांच्या दृष्टीनं ही दोन झाडं सोन्याच्या मोलाची आहेत, आणि आपण ती अंगणातून उपटून टाकतो.

रुईवर प्लेन टायगर वाढतं. नारिंगी पंख, काळी-पांढरी किनार, संथ उडणं. ते संथ उडतं कारण त्याला घाई करायची गरज नाही. रुईच्या चिकातलं विष अळी अंगात साठवते आणि ते फुलपाखरातही उतरतं. एकदा चोच मारलेला पक्षी पुन्हा फिरकत नाही. अळीही पांढऱ्या, काळ्या, पिवळ्या पट्ट्यांची, लपायची तसदी न घेणारी. गंमत पुढं आहे. डॅनेड एगफ्लाय नावाचं दुसरं एक फुलपाखरू आहे. त्याचा नर काळा, पंखांवर निळसर कडेचे मोठे पांढरे ठिपके. मादी मात्र थेट प्लेन टायगरसारखी. तिच्या अंगात विष नाही, नुसता वेश आहे. आणि तिची अळी कशावर वाढते? आपण जिची भाजी करून भाकरीबरोबर खातो त्या घोळीवर! म्हणजे कुंपणाला एक रुई आणि कोपऱ्यात घोळीचा वाफा, एवढ्यावर हे अख्खं सोंग तुमच्या डोळ्यांसमोर चालतं.

रुई लावताना एक काळजी घ्या. चीक डोळ्यात गेला तर त्रास होतो, म्हणून लेकरांच्या हाताच्या अंतरावर लावू नका. रुई नको असेल तर कुंडीत हळदीकुंकू लावा, प्लेन टायगर त्यावरही अंडी घालतं; चिकाची काळजी मात्र तिथंही घ्या.

तरवडाचं आणि पावसाळ्यात उगवणाऱ्या तरोट्याचं फुलपाखरू म्हणजे मॉटल्ड एमिग्रंट, फिकट हिरवट-पांढरं. बहाव्यावर त्याचा भाऊबंद कॉमन एमिग्रंट असतो. महालक्ष्म्यांच्या सुमारास माळावरून सरळ रेषेत, वेगात जाणारी पांढरी-पिवळी फुलपाखरं दिसतात, त्यांत ही बरीच असतात. तरोट्याला आपण तण म्हणतो. माझी विनंती एवढीच, की अंगणाच्या एका कडेचा तरोटा दसऱ्यापर्यंत राहू द्या.

ऋतूंचा विषय निघालाच आहे तर वर्ष कसं फिरतं ते बघू. मृग बरसला की आठ-पंधरा दिवसांत पालवी येते, आणि पालवीमागं अंडी. श्रावण-भाद्रपदात गर्दी वाढत जाते. उन्हाची तिरीप आली की ओल्या मातीवर फुलपाखरं दाटीनं बसलेली दिसतील. ती पाण्यापेक्षा मातीतल्या क्षारांसाठी आलेली असतात, आणि बहुतेक सगळे नर असतात. मधात मीठ जवळजवळ नसतं. नर ते मातीतून गोळा करतो आणि मीलनाच्या वेळी मादीला देतो, ते पुढं अंड्यांच्या कामी येतं. पसरट भांड्यात माती, त्यात चिमूटभर मीठ, आणि भाजी धुतलेलं पाणी घालून ती ओलसर ठेवली तर घरीही हे बघायला मिळतं.

मात्र माझा सगळ्यात आवडता काळ दसऱ्यानंतरचा, पाऊस ओसरून हवा कोरडी होते तेव्हाचा. कारण त्या दिवसांत एक फुलपाखरू कपडे बदलतं. कॉमन इव्हिनिंग ब्राउन हे तपकिरी, संध्याकाळी उडणारं, अनेकदा व्हरांड्यातल्या ट्यूबलाइटकडं येणारं. अळी गवतावर वाढते. पावसाळ्यात जन्मलेल्याच्या पंखांखाली डोळ्यांसारखे ठळक ठिपके असतात, एका ओळीत. कोरड्या दिवसांत जन्मलेल्याचे ते डोळे जवळजवळ पुसले जातात आणि पंख वाळक्या पानासारखे होतात, प्रत्येकाचे थोडे वेगळे, कुणी पिवळट, कुणी काळसर. जात एकच. अळी वाढताना हवा कशी होती, त्यावर पोशाख ठरतो. पावसाळ्यात हिरव्या पार्श्वभूमीवर हे फुलपाखरू लपू शकत नाही, तेव्हा ते डोळे पक्ष्याची चोच अंगावरून पंखाच्या कडेकडं वळवतात. पंखाचा तुकडा जातो, जीव वाचतो. दिवाळीनंतर खाली पाचोळा असतो, तिथं न हलणं आणि न दिसणंच बरं. अंगणात पाचोळा रोज झाडून जाळत असाल तर एक कोपरा सोडा. लहानसं पिवळं कॉमन ग्रास यलो बघा, त्याचाही पोशाख बदलतो: पावसाळ्यात पंखांची काळी किनार रुंद, पुढं ती अरुंद होते आणि पंखांखाली तांबूस डाग येतात.

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला, शेतात जाल तेव्हा तुरीवर बारीक निळसर फुलपाखरं बघा, मागच्या पंखाला केसासारखी शेपटी असलेली. ती पी ब्लू. त्यांची अळी शेंगांच्या आत खाते, हे खरं. पण आपल्याकडं तुरीचं आणि हरभऱ्याचं मोठं नुकसान करणारी घाटेअळी एका पतंगाची आहे, या फुलपाखराची नव्हे.

शिमग्यापासून संख्या घटते. चैत्र-वैशाखात मला बेलाचा फार आधार वाटतो. जुनी पानं गळून ऐन उन्हात त्याला कोवळी पालवी येते आणि लाइम बटरफ्लाय तिथं पोचतं. ज्यांच्या दारात बेल आहे त्यांनी एप्रिल-मेमध्ये वरच्या कोवळ्या पानांकडं लक्ष ठेवावं.

एका दादांनी चिठ्ठी पाठवली आहे: रासायनिक औषध आम्ही मारत नाही, फक्त निंबोळी अर्क मारतो, तो चालेल ना? दादा, तो माणसाला आणि जमिनीला सौम्य आहे, अळीला नाही. कडुनिंबातला अझाडिरॅक्टिन अळीचं खाणं आणि कात टाकणं थांबवतो, आणि अर्काला घाटेअळी आणि फुलपाखराची अळी यांतला फरक कळत नाही. मावा पडला असेल तर तेवढीच फांदी पाण्याच्या धारेनं धुवा. आणि सगळ्या अळ्या जगतील ही भीती बाळगू नका. शिंपी आणि बुलबुल आपल्या पिल्लांना अळ्याच भरवतात, बारीक गांधीलमाश्या अळीच्या अंगात अंडी घालतात. बहुतेक अळ्या पंखांपर्यंत पोचतच नाहीत.

दुसरी चिठ्ठी फ्लॅटमधल्या एका मावशींची, फक्त गॅलरी आहे म्हणतात. मावशी, कढीपत्ता, लिंबू आणि घोळ, तीन कुंड्या पुरे. ऊन मिळेल अशा बाजूला ठेवा. फोडणीसाठी कढीपत्ता तोडताना पान उलटून बघा. कोश सापडला तर ती डहाळी तशीच राहू द्या. कोश हिरवा किंवा तपकिरी असतो, आणि उमलण्याच्या आदल्या दिवशी काळपट होऊन आतले पंख दिसू लागतात. तो सडला असं समजून फेकून देऊ नका. बाहेर आल्यावर पंख पसरून वाळायला त्याला तास-दोन तास लागतात, तोवर हात लावू नका आणि कुंडीची जागाही बदलू नका.