बारा फिडली आणि सरसाचं डबडं

मंडळी, मघाशी ओळख करून देताना सांगितलं गेलं की आम्ही सुरांच्या प्रवासाला निघालेली माणसं आहोत. ऐकायला बरं वाटतं. पण बारा व्हायोलिनांचा ताफा घेऊन गावोगाव हिंडताना सुराचा विचार दिवसातून दोन-तीन तास होतो. बाकी सगळा वेळ हवेचा.

फिडल, म्हणजे आमचं व्हायोलिन, हे शेवटी लाकूड, आणि लाकूड पाणी पितं. पावसाळ्यात चिपळूणला कार्यक्रम केला की तारा ताणायच्या खुंट्या फुगून अशा अडकतात, की पक्कड घ्यावीशी वाटते. तिथून घाट चढून तुमच्या सोलापुरात यावं, तर त्याच खुंट्या आकसून घसरायला लागतात. सा लावला, प लावेपर्यंत सा खाली उतरलेला! उपाय जुनेच : अडकलेल्या खुंटीला साबण, घसरणाऱ्या खुंटीला खडू. म्हणून आमच्या पेटीत गजाला (बोला) चोळायच्या राळेच्या वडीशेजारी शाळेतला खडू कायम असतो.

दुसरा ताप बसण्याचा. आपल्याकडे मांडी घालून, वाद्याचं टोक उजव्या पावलावर टेकवून वाजवतात. दिवसभर बसमध्ये आखडलेल्या माणसाला तशी मांडी घालायला सांगून बघा. वाईचे व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग (१९२२–२००४) यांच्यासारखे थोर लोक मैफलीला बसले की शेजारी तबला, तंबोरा, आणि हात हलवायला ऐसपैस जागा. आम्ही बाराजण बसलो की एकाचं कोपर दुसऱ्याच्या बरगडीत. शिवाय फिडलीला सतारीसारखे पडदे नाहीत. म्हणूनच तिच्यातून गळ्यासारखी मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघते, आणि म्हणूनच ती बारा हातांनी एकदम काढणं जिकिरीचं. एकजण गंधारावरून रिषभावर जरा उशिरा पोचला तरी सगळं विस्कटतं. त्यामुळे आम्ही बंदिशीबरोबर गजाची दिशाही पाठ करतो.

आता इथली गोष्ट. एका मे महिन्यात आलो होतो. बस उन्हात उभी, वाद्यं मागच्या सीटवर, आणि आम्ही जेवायला. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढ्यात आल्यावर दहा मिनिटांचं जेवण तासाचं झालं, यात आमचा काय दोष? परत येऊन बघतो तर एका व्हायोलिनची कड उघडलेली, नख जाईल एवढी. वाद्य आमच्यातल्या सगळ्यात लहान मुलीचं. ती रडायच्या बेतात. कार्यक्रमाच्या मंडळींपैकी एकजण फेव्हिकॉल घेऊन धावत आला. मी त्याचा हातच धरला.

व्हायोलिनची वरची पाटी कडेला सरसानं, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या जुन्या गोंदानं, चिकटवतात, आणि तेही मुद्दाम बेतानं. लाकडावर ताण आला तर जोड सुटावा, पाटी तडकू नये, अशी ती योजना. म्हणजे कड उघडली ती वाद्य वाचवायलाच. पक्क्या गोंदानं ती कायमची बंद केली, तर पुढच्या उन्हाळ्यात फाटेल ती पाटीच.

पण सरस आता वापरतो कोण? विचारत विचारत एका म्हाताऱ्या सुतारांकडे पोचलो. त्यांनी व्हायोलिन उलटंपालटं करून पाहिलं आणि पोऱ्याला ओरडले, "सरसाचं डबडं काढ बे!" पाण्याच्या भांड्यात ते डबडं ठेवून मंद आचेवर सरस पातळ केला, पातळ पट्टीनं फटीत भरला. शिकंज्यानं लाकूड दबेल म्हणून जुन्या चादरीच्या पट्ट्या फाडून वाद्य आवळून बांधलं. पैशांचं विचारलं तर म्हणाले, "सकाळपर्यंत सोडू नका, एवढंच."

त्या रात्री अकरा जणांनीच वाजवलं. ती पोर विंगेत, चादरीत बांधलेली फिडल मांडीवर घेऊन बसली होती. तेव्हापासून उन्हाळी दौऱ्यात आमच्या प्रत्येक पेटीवर सोलापुरी चादर असते. मुंबईत लोक विचारतात, वाद्याला थंडी वाजते का?

ती मुलगी आज डावीकडून दुसरी बसेल. वाद्य तेच. जोड कुठे आहे ते दाखवणार नाही म्हणते. आता आम्हाला पाच मिनिटं द्या, आणि उकडलं तरी सूर लागेपर्यंत मंचावरचे पंखे तेवढे बंद ठेवा की.