कर्ल: ब्राउझरविना वेब

(पडद्यावर टर्मिनल. प्रॉम्प्टपुढे लुकलुकणारा कर्सर.)

कर्ल म्हणजे टर्मिनलमध्ये, नुसत्या लिहिलेल्या कमांडने, वेबवरून पानं मागवणारा प्रोग्राम. तो काय बोलतो ते बघू. कर्ल, जागा सोडून डॅश व्ही, म्हणजे सगळा संवाद दाखव, पुन्हा जागा सोडून एक्झाम्पल डॉट कॉम. एंटर.

पडदा क्षणात ओळींनी भरतो. वाचायला घेतलं, तर त्यातली प्रत्येक ओळ काहीतरी सांगते. चांदणीने सुरू होणाऱ्या ओळी कर्लच्या स्वतःच्या: नावावरून आयपी पत्ता, म्हणजे सर्व्हरचा आकड्यांतला पत्ता मिळाला, ८० नंबरच्या पोर्टवर, म्हणजे त्याच्या दारावर, जोडणी झाली. उजवीकडे टोक असलेल्या बाणापुढे आपण सर्व्हरला पाठवलेला मजकूर दिसतो. त्यातला पहिला शब्द 'गेट', मग कोणतं पान हवं ते. खाली 'होस्ट', म्हणजे साइटचं नाव. एकाच सर्व्हरवर अनेक साइट नांदतात, म्हणून ते सांगावंच लागतं. पुढे कर्लची ओळख. आणि शेवटी एक रिकामी ओळ. तिच्याकडे नीट बघा. आपलं मागणं पूर्ण झालं, हे सर्व्हरला तिच्यावरूनच कळतं.

आता बाणाचं टोक डावीकडे. हे सर्व्हरचं उत्तर. त्याच्या पहिल्या ओळीत एक आकडा असतो. २०० म्हणजे मागितलेलं मिळालं. ३०१ आलं, तर पान दुसरीकडे हललंय. नवा पत्ता 'लोकेशन'च्या ओळीत असतो. ब्राउझर आपल्याला न सांगता तिकडे वळतो. कर्ल थांबतो. डॅश आणि मोठा एल लिहिला, तरच पुढे जातो. सांगितलं तेवढंच करायचं, हा त्याचा स्वभाव मला फार मोलाचा वाटतो. साइट कुठे अडली, हे शोधताना नेमकं तेच हवं असतं.

(दृश्य: स्टॉकहोम शहर.)

कर्ल हे काम स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांचं. नव्वदच्या दशकात आयआरसी या गप्पांच्या जाळ्यावर ते एक बॉट, म्हणजे आपोआप उत्तरं देणारा प्रोग्राम चालवत. लोकांना चलनं बदलून सांगायची, तर ताजे दर वेबवरून आपोआप यायला हवेत. ब्राझीलच्या राफायल सागुला यांनी लिहिलेला 'एचटीटीपीगेट' हा छोटासा प्रोग्राम त्यांना सापडला. तो त्यांनी वाढवत नेला, नावं बदलली आणि २० मार्च १९९८ रोजी 'कर्ल' या नावाने तो बाहेर आला. आवृत्ती थेट ४.०, कारण जुन्या नावांचे आकडेच पुढे चालू ठेवले होते.

२००० साली त्याच्या पोटातलं इंजिन 'लिबकर्ल' म्हणून वेगळं मिळू लागलं. मग ते फोन, टीव्ही, मोटारी, गेमच्या कन्सोलपर्यंत पोचलं. २०१७ मध्ये स्टेनबर्ग यांना स्वीडनच्या राजांच्या हस्ते पोल्हेम पुरस्कार हा तिथला तंत्रज्ञानाचा सन्मान मिळाला. वापरायला फुकट आणि कोड सगळ्यांसाठी खुला, अशा कामाचा हा गौरव होता, आणि तो योग्यच होता.

२०१८ पासून विंडोज १० मध्येही कर्ल आयता येतो. विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, मात्र 'कर्ल' लिहिलं की दुसरीच कमांड चालते. तिथे 'कर्ल डॉट ईएक्सई' असं पूर्ण लिहा.

(पडद्यावर ब्राउझरची डेव्हलपर टूल्स, नेटवर्कचा टॅब.)

इथे ब्राउझरने सर्व्हरकडे केलेली मागणी, म्हणजे रिक्वेस्ट, ओळीओळीने दिसते. कुठल्याही रिक्वेस्टवर राइट क्लिक करा. 'कॉपी अ‍ॅज कर्ल' दिसेल. ती रिक्वेस्ट पूर्ण कमांड बनून टर्मिनलमध्ये चिकटवता येते. पण लॉगिन केलेल्या साइटवर असाल, तर त्या मजकुरात तुमच्या कुकीजही, म्हणजे तुम्ही लॉगिन केल्याच्या खुणाही असतात. त्या काढल्याशिवाय ती कमांड कोणालाही पाठवू नका. तिच्या जोरावर समोरचा तुमच्या खात्यात शिरू शकतो.