रिटर्न भाडं

(दृश्य : अक्कलकोट रोड एमआयडीसी. संध्याकाळ. कारखान्याच्या दारात छोटा हत्ती, पलीकडे दहा टायरी ट्रक.)

सोलापूरच्या कारखानदाराला मालवाहू विमानाचं गणित शिकवावं लागत नाही. तो ते रोज दारात करतो. चार खोकी असतील तर छोटा हत्ती, माल भरगच्च असेल तर ट्रक. आणि गाडी कुठलीही असो, ड्रायव्हर आधी विचारतो, "रिटर्न भाडं हाय का?"

विमानाचंही असंच आहे. बोइंग 737-800 चं मालवाहू विमान सुमारे 23 टन नेतं, एटीआर 72 साधारण 8 टन. हिशेबापुरतं धरू, मोठ्याच्या एकेरी फेरीला 8 लाख रुपये लागतात, लहानाच्या 4 लाख. दोन्ही भरली तर मोठं पडतं किलोला 35 रुपये, लहान 50. पण त्या दिवशी माल 6 टनच निघाला तर? मोठं 133 वर जातं, लहान 67 वर. येताना रिकामं आलं, तर तोही खर्च जाणाऱ्या मालाच्याच माथी.

29 सप्टेंबर 2024 ला होटगी रोडच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, 9 जून 2025 ला गोव्याचं विमान सुरू झालं. इतकी वर्षं वाट पाहिलेल्या गावानं आता कार्गो विमानही मागावं, यात नवल नाही. मलाही ते हवंय. पण आधी गोव्याला जाणारं हे प्रवासी एटीआर नीट पाहू.

(दृश्य : धावपट्टीवर एटीआर, पुढचं दार उघडं.)

प्रवासी मागच्या दारानं चढतात, कारण पुढे पायलट आणि पहिल्या रांगेच्या मधे सामानाची खोली असते. तिथं पहिला मान बॅगांचा. सगळ्या सीट भरल्या, की वजनाच्या हिशेबात मालाला काही शे किलोच उरतात. त्यात आपला मे महिना! हवा तापली की विरळ होते, विमानाला तेवढं वजन उचलवत नाही. मग सर्वात आधी खाली उतरतो तो माल.

आता हे खोकं बघा. शाळेचे गणवेश, 60 बाय 45 बाय 45 सेंटिमीटर. काट्यावर 14 किलो. पण विमानात जागेचंही वजन धरतात : तिन्ही मापांचा गुणाकार, भागिले 6000. भाडं लागतं सव्वावीस किलोचं. सैल पॅकिंग केलं, तर सव्वासहा किलो हवेचे पैसे भरायचे.

मुंबईसाठी विमान परवडत नाही, हे माझं स्पष्ट मत. रात्री भरलेला ट्रक सकाळी तिथं पोचतो. डाळिंबाला रेल्वे बरी. देशातली शंभरावी किसान रेल 28 डिसेंबर 2020 ला आपल्या सांगोल्यातूनच सुटली होती. विमानाची खरी गरज आहे ती दिल्ली, गुवाहाटीच्या घाईच्या ऑर्डरला. त्यासाठी मोठं विमान सोलापुरात कशाला उतरवायचं? हैदराबाद 300 किलोमीटरवर आहे, आणि तिथलं विमान दहा गावांच्या मालानं भरतं.

होटगी रोडहून प्रवासी विमानातनं नमुन्याची दोन-चार खोकी जावीत, येताना यंत्रमागाचे सुटे भाग आणि औषधं यावीत. ही ये-जा रोज व्हायला लागली, की पुढचं विमान मागताना आपल्या हातात आकडे असतील.

(दृश्य : गणवेशाचं खोकं गाडीत चढतं. पत्ता गुवाहाटीचा.)

साडेसहा वाजले. ताडपत्री बांधून झाली. गाडी हैदराबाद रोडला लागते.