काखेतली सुई आणि हातावरची पट्टी

(दृश्य: मोबाइलचा पडदा. ‘स्टेम सेलने हाताची सूज कायमची बरी.’ खाली फोन नंबर.)

ही जाहिरात मावशींना भाच्यानं पाठवली. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या, वर रेडिएशन. पेशींभोवती झिरपलेलं पाणी अन् प्रथिनं माघारी नेणारी वाटच तुटली. हात सुजला, बांगड्या चढेनात, झंपराची बाही उसवावी लागली. गाव म्हणतं, हत्तीरोग. तोही नांदेडकडं आहे, पण तो डासातून येणाऱ्या जंतांचा. मावशींची ही सूज म्हणजे लिम्फेडेमा, ऑपरेशननंतरचा.

जाहिरातीतला उपचार निव्वळ थाप आहे का? तसंही नाही. पोटाची चरबी नळीनं ओढतात, तिच्यातल्या मूळ पेशी, म्हणजेच स्टेम सेल, वेगळ्या करतात आणि काखेत टोचतात. या पेशी व्हीईजीएफ-सी सारखी प्रथिनं सोडतात; त्यांच्यामुळं नव्या लसिकावाहिन्या फुटतात. उंदरांत हे दिसलंय. डेन्मार्कच्या ओडेन्समध्ये बायकांवर सुरुवातीच्या चाचण्या झाल्या. हात हलका वाटतो, असं त्यांनी सांगितलं. मोजलं, तर घेर म्हणावा तसा उतरला नव्हता.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, 2017ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत स्पष्ट आहेत. रक्ताच्या आजारांसाठीचं मूळ पेशींचं प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी सारं मंजूर चाचणीतच करायचं. आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. फोनवर ‘पॅकेज’चा दर सांगितला, की पुढचं ऐकायची गरज नाही. चाचणी आहे म्हणाले, तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा.

(दृश्य: फिजिओथेरपी विभाग. पट्टी बांधणारे हात.)

आज हाताशी आहे ते हे. आधी हलक्या हातानं मालिश, मग एकेक बोट धरून पट्टी. बोटांकडं घट्ट, दंडाकडं जराशी सैल. पट्टी बांधूनच व्यायाम. सूज उतरली की मापाची दाबबाही, म्हणजे हात दाबून धरणारी लवचिक बाही. मराठवाड्याच्या मे महिन्यात ती घालून बघा, म्हणजे बाया ती काढून का ठेवतात ते कळेल. वर काही महिन्यांत तिचा ताण जातो, नवी घ्यावी लागते.

कापूस वेचताना मावशी मालकांचा जुना फुलशर्ट घालतात. वाळल्या बोंडाचं टोक लागलं, तर त्या हाताला साधा ओरखडाही महागात पडतो. हात लाल झाला, ताप भरला, की दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. अँटिबायोटिक त्याच दिवशी सुरू व्हायला हवं.