खांदेरीची बत्ती आणि सोलापूरचं सूत

(सकाळचा समुद्र. होडीच्या इंजिनाचा आवाज. काही क्षण निवेदन नाही.)

सोलापूरकराला समुद्र गाठायचा तर रात्रभराचा प्रवास. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने आम्ही मुंबईला उतरलो, दुसऱ्या दिवशी अलिबागजवळच्या थळला आलो आणि नाखवाच्या होडीत बसलो. समोर दोन बेटं दिसतात. किनाऱ्याजवळचं उंदेरी, त्यामागचं खांदेरी. खांदेरीच्या दक्षिणेकडच्या टेकडीवर पांढरं काहीतरी चमकतंय ना, तीच बत्ती, म्हणजे दीपगृह. ती बघायलाच आम्ही आलोय.

(तटबंदीचा पाया. दगडांना चिकटलेली कालवं.)

होडी धक्क्याला लागण्याआधी हा तट नीट बघा. मोठमोठे दगड नुसते एकावर एक रचलेत, मध्ये चुना नाही. लाट आली की पाणी फटींतून आत शिरतं आणि तसंच बाहेर पडतं. खालच्या दगडांवर कालवांची इतकी धारदार खपली आहे की अनवाणी पाय ठेवला तर रक्तच येईल. १६७९ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी हे बेट बांधायला घेतलं. मुंबई बंदराच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला उभा राहतोय म्हटल्यावर इंग्रजांनी गलबतं पाठवली. मायनाक भंडारी बेटावर पाय रोवून राहिले, दौलतखानाचं आरमार मदतीला आलं. तोफांच्या माऱ्यातही बांधकाम चालूच राहिलं. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या काळात, १७१८ साली, इंग्रजांनी पुन्हा हल्ला केला आणि पुन्हा हात हलवत परत गेले. बेट त्यांच्याकडे आलं ते १८१८ मध्ये, मराठी राज्य बुडाल्यावर.

(लोखंडी गाड्यावरची तोफ. चाकावर कॅमेरा थांबतो.)

किल्ल्याची ही गोष्ट सगळे सांगतात, आणि सांगायलाच हवी. २०२५ मध्ये खांदेरी जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तेव्हा आम्हीही सोलापुरात पेढे वाटले. पण टेकडीवरच्या बत्तीजवळ येऊन माणसं फोटो काढतात आणि खाली उतरतात. आम्हाला तिथेच थांबायचं होतं.

(अष्टकोनी मनोरा, पायथ्यापासून वरपर्यंत.)

हे दीपगृह १८६७ सालचं. आठ कोनांचा, सुमारे २५ मीटर उंचीचा मनोरा. आता त्याच्या आधीची सात-आठ वर्षं आठवा. १८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोहोचली. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस अडला, आणि विलायतेच्या गिरण्यांना इथल्या कापसाची आस लागली. देशावरच्या गाठी गाडीतून मुंबईला, मुंबईहून जहाजात. बंदरात जहाजांची दाटी झाली आणि अंधारात हे खडक दिसत नव्हते. तेव्हा सुएझचा कालवा नव्हता, तो १८६९ चा. विलायतेची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून यायची.

(टेबलावर काचेच्या बांगड्यांची चळत. मागे मेणबत्ती.)

दीपगृहाचं भिंग समजावं म्हणून हे आम्ही सोलापुरात चित्रित केलं. दिव्याचा उजेड एरवी चारी दिशांना सांडतो, वर आभाळात आणि खाली जमिनीवर वाया जातो. फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसाने १८२० च्या दशकात तोडगा काढला. जाडजूड भिंगाऐवजी काचेची कडी एकाभोवती एक, अशा कोनात बसवायची की सांडणारा उजेड वळून क्षितिजाकडे जावा. दिवा साध्या तेलाचा असला तरी झोत मैलोन्‌मैल दिसतो. शिवाय प्रत्येक दीपगृहाची उघडझाप निराळी. खलाशी सेकंद मोजतो आणि आपण कुठे आहोत ते ओळखतो.

१८७५ मध्ये कुलाब्याच्या टोकाला प्राँग्जचं दीपगृह झालं. १८७७ मध्ये सोलापुरात पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली गेलेली कापडगिरणी सुरू झाली. गिरण्यांची यंत्रं त्या काळी विलायतेहून येत, म्हणजे समुद्रातून, बत्त्यांच्या उजेडात. आपल्या गिरणगावाचा इतिहास भोंग्यापासून सुरू करतात; आम्ही तो इथून सुरू करतो.

पुढे गिरण्या बंद पडल्या.

(वेताळाच्या देवळाजवळचा मोठा दगड. वयस्क हात.)

आमच्यासोबत आलेल्या काकांनी उभी हयात गिरणीच्या सूतखात्यात काढली. खांदेरीवर एक खडक आहे, त्यावर छोटा दगड आपटला की धातूसारखा नाद येतो. काकांनी दगड उचलला.

(नाद. निवेदन नाही.)

त्यांनी तो तीनदा वाजवला. "पाळी सुटली," म्हणाले, आणि दगड होता तिथे परत ठेवला.

(संध्याकाळ. थळचा किनारा. वाळूत ओढलेल्या होड्या.)

नाखवा म्हणाले, जरा थांबा, आत्ता लागेल. आम्ही कॅमेरा चालू ठेवला. काका वाळूत बसून सेकंद मोजत होते.

(अंधारात पहिला झोत.)