'द गिव्हर' : वेदना नसलेल्या वस्तीची कादंबरी

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्या पुस्तकाविषयी बोलायचे आहे, ते मला मनापासून आवडते आणि तरीही त्याच्याशी माझे जुने भांडण आहे. लोइस लाउरी या अमेरिकन लेखिकेची 'द गिव्हर' ही कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली कादंबरी १९९३ साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला अमेरिकेतील बालसाहित्याचा मानाचा न्यूबेरी पुरस्कार मिळाला. काळवंडलेल्या भविष्याचे चित्र रेखाटणाऱ्या, म्हणजे ज्यांना आपण डिस्टोपियन म्हणतो, अशा कुमारकादंबऱ्यांची मोठी लाट त्यानंतर दीडेक दशकाने आली. त्या लाटेतील पुस्तकांत रक्तपात आहे, बंड आहे, क्रूर सत्ताधीश आहेत. 'द गिव्हर'मध्ये यांपैकी काहीच नाही, आणि म्हणूनच ती अधिक खोलवर अस्वस्थ करते. या भाषणात कथानकाचा बराच भाग उलगडावा लागणार आहे. ज्यांना पुस्तक कोऱ्या मनाने वाचायचे आहे, त्यांनी ते आधी वाचून घ्यावे.

जोनास हा अकरा वर्षांचा मुलगा आहे. त्याच्या वस्तीत कोणी उपाशी नाही, कोणी एकटे नाही, कोणी कोणावर आवाज चढवत नाही. प्रत्येक जोडप्याला अर्ज केल्यावर एक मुलगा आणि एक मुलगी मिळते. रात्रीच्या जेवणानंतर घरातील प्रत्येकाने दिवसभरात काय वाटले ते सांगायचे, सकाळी उठल्यावर रात्रीचे स्वप्न सांगायचे, आणि बाकीच्यांनी समजूत काढायची. नऊ वर्षे झाली की सायकल मिळते आणि बारा वर्षे झाली की ज्येष्ठांचे मंडळ प्रत्येक मुलाला आयुष्यभराचे काम नेमून देते. हा प्रसंग वाचताना, दहावीच्या निकालानंतर घरातील मोठी माणसे शाखा ठरवायला बसतात तो दिवस आपल्याकडील मुलांना आठवल्यावाचून राहणार नाही. जोनासच्या वस्तीतील ज्येष्ठांनी मात्र प्रत्येक मुलाला वर्षानुवर्षे निरखलेले असते, आणि बहुतेकांची निवड अचूक ठरते. लेखिकेने ही वस्ती सुरुवातीला खरोखरच हवीहवीशी वाटेल अशी उभी केली आहे, हे तिचे पहिले मोठे यश आहे.

जोनासची निवड होते ती साऱ्या मानवजातीच्या आठवणी सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याचा वारस म्हणून. वस्तीने कित्येक पिढ्यांपूर्वी ऊन, पाऊस, डोंगर, युद्ध, विरह हे सगळे टाकून सारखेपणा स्वीकारला. त्या टाकलेल्या गोष्टींच्या आठवणी एकाच माणसाने साऱ्यांच्या वतीने वाहायच्या असतात. हा म्हातारा, म्हणजेच शीर्षकातील 'गिव्हर' (देणारा), जोनासच्या उघड्या पाठीवर हात ठेवतो आणि आठवण एका शरीरातून दुसऱ्यात जाते. पहिली आठवण बर्फाच्या उतारावरून घसरगाडीने खाली येण्याची आहे. या ठिकाणी आपल्याकडील वाचकाला एक विलक्षण लाभ होतो, असे मला नेहमी वाटते. बॉस्टनमधील मुलाला बर्फ रोजचा असतो, पण सोलापूर किंवा नांदेडमध्ये वाढलेले मूल ते पान वाचताना जोनासइतकेच अनभिज्ञ असते. गालाला टोचणारी थंडी, पायाखालील वेग, हे सारे ते जोनासबरोबर प्रथमच अनुभवते. त्याच दिवशी त्याला कोवळ्या उन्हाची आठवण मिळते आणि मग पहिली वेदना म्हणून त्वचा भाजून काढणाऱ्या उन्हाची. ते ऊन मात्र विदर्भातील वाचकाला समजावून सांगावे लागत नाही.

आता या पुस्तकातील कारागिरीविषयी, कारण तिथे मी पूर्णपणे लेखिकेच्या बाजूने आहे. कादंबरीच्या आरंभी जोनास मित्राबरोबर सफरचंद फेकाफेकी खेळत असतो आणि हवेत असताना ते सफरचंद क्षणभर बदलते. आकार तोच, वजन तेच, तरीही काहीतरी बदलते आणि पुन्हा पूर्ववत होते. जोनासला ते काय होते हे सांगता येत नाही, आणि वाचकालाही उलगडत नाही. पुढे फिओना नावाच्या मैत्रिणीच्या केसांच्या बाबतीत तसेच घडते. तेवीस प्रकरणांच्या या कादंबरीच्या मध्यावर, बाराव्या प्रकरणात, म्हातारा त्याला सांगतो की त्याला लाल रंग दिसू लागला आहे. तेव्हा आपल्या ध्यानात येते की इतकी पाने आपण रंग नसलेल्या जगात वावरत होतो आणि आपल्याला ते जाणवलेही नव्हते. मागे जाऊन पाहावे तर लेखिकेने कुठेही फसवलेले नसते. तिने फक्त जोनासला जे दिसत नव्हते ते लिहिलेले नसते. सुखवस्तू माणसाला आपण काय गमावले याचा पत्ता लागत नाही, हे तिने उपदेशाने सांगितलेले नाही, वाचकाच्या डोळ्यांवरच घडवून आणले आहे. २०१४ साली निघालेल्या चित्रपटाला हे साधणे शक्यच नव्हते, कारण कृष्णधवल चित्र पडद्यावर आले की पहिल्या क्षणीच गुपित फुटते.

माझे भांडण सुरू होते ते एकोणिसाव्या प्रकरणापासून. या वस्तीत म्हाताऱ्यांना, नियम तीनदा मोडणाऱ्यांना आणि वाढ नीट न होणाऱ्या अर्भकांना 'मुक्त' केले जाते आणि ती माणसे दुसरीकडे कुठेतरी जातात, असा सर्वांचा समज आहे. जोनासचे वडील नवजात बालकांचा सांभाळ करतात. प्रेमळ, हसरे, थोडेसे पोरकट वाटणारे गृहस्थ. जुळी मुले जन्मली तर एकच ठेवायचे असा नियम असल्याने ते दोघांचे वजन करतात आणि हलक्या भरलेल्या बाळाच्या कपाळावरील शिरेत इंजेक्शन देतात. बाळाशी ते लाडे लाडे बोलत असतात. मग ते निश्चल शरीर खोक्यात घालून भिंतीतील पन्हाळीतून खाली सोडतात आणि हात हलवून त्याचा निरोप घेतात. जोनास हे सारे चित्रफितीवर पाहतो. बालसाहित्यात इतके भयंकर आणि इतके संयत लिहिलेले दुसरे पान मला माहीत नाही.

मग तक्रार कशाची? ती सांगण्यासाठी लेखिकेच्या आयुष्यातील एक गोष्ट सांगायला हवी. न्यूबेरी पुरस्कार स्वीकारताना केलेल्या भाषणात लाउरी यांनी या कादंबरीचे उगम सांगितले आहेत. त्यांतील एक त्यांच्या वडिलांचा. म्हातारपणी आई आणि वडील दोघेही एकाच शुश्रूषागृहात होते. आईची दृष्टी गेली होती, शरीर थकले होते, पण स्मरण लख्ख होते, आणि त्यात तरुणपणीच कर्करोगाने गेलेल्या थोरल्या मुलीच्या मृत्यूचे दुःखही होते. वडिलांची प्रकृती बरी होती, पण स्मृती ओसरत चालली होती. छायाचित्रातील थोरल्या मुलीकडे पाहून त्यांनी तिचे काय झाले असे विचारले आणि ती गेली हे लेखिकेला त्यांना नव्याने सांगावे लागले. वडिलांना विसरण्यात सुख होते, हे लेखिकेला दिसत होते. त्या विस्मरणात कोणतेही पाप नव्हते. दुःख आठवत जगावे की विसरून निवांत राहावे, हा तिथे खराखुरा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर कोणत्याही बाजूने सहज देता येणारे नव्हते.

कादंबरीत मात्र त्या प्रश्नाच्या एका पारड्यात अर्भकाचा खून ठेवलेला आहे. तो पाहिल्यावर कोणता वाचक सारखेपणाची बाजू घेईल? ज्या वस्तीत रंग नाहीत, संगीत नाही, पण युद्ध आणि उपासमारही नाही, आणि जिथे कोणालाही मारले जात नाही, अशी वस्ती लेखिकेने आपल्यासमोर ठेवली असती, तर बारा वर्षांच्या वाचकालाच काय, मलाही रात्रभर विचार करावा लागला असता. इंजेक्शनची सुई तो विचार संपवून टाकते.

इतके बोलून झाल्यावर तेच पान पुन्हा उघडले की माझा हा आक्षेप डळमळू लागतो, हेही सांगितले पाहिजे. जोनासचे वडील दुष्ट नाहीत. आपण काय करतो आहोत हे त्यांना कळत नाही, कारण मृत्यूची, शोकाची, कोणाला गमावण्याची एकही आठवण त्यांच्याजवळ उरलेली नाही. म्हणजे ती हत्या त्या वस्तीला बाहेरून चिकटवलेली नाही. विस्मरणाच्या वाटेने गेलेला समाज आपोआप तिथे पोहोचतो, असे लेखिकेचे म्हणणे असू शकते. वडिलांचे ते लाडिक बोलणे हाच तिचा पुरावा आहे. या दोन मतांपैकी एकावर मला ठाम राहता आलेले नाही.

दुसरी एक खंत मात्र टिकून आहे. म्हाताऱ्याजवळ साऱ्या जगाच्या, साऱ्या पिढ्यांच्या आठवणी आहेत असे आपल्याला सांगितले जाते. त्याची सर्वांत लाडकी आठवण कोणती? थंडीची रात्र, घरात पेटलेली शेकोटी, सजवलेले झाड, भेटवस्तू उघडणारी मुले आणि जवळ बसलेले आजी-आजोबा. ते दृश्य सुंदर आहे, त्यातील आजी-आजोबांची ऊब कोणत्याही घरातील मुलाला कळेल. पण मानवजातीचे स्मरण म्हणवणारा हा साठा बराचसा एकाच प्रदेशाच्या हिवाळ्याचा आहे. हस्तिदंतासाठी मारलेला हत्ती आणि त्याच्या देहावर फांद्या पसरणारा दुसरा हत्ती, ही एक हृदयद्रावक आठवण सोडली, तर उष्ण देशांच्या वाट्याला फारसे काही आलेले नाही. पेरणीपूर्वीचे पहिले पावसाचे टपोरे थेंब, दुष्काळात आटलेली विहीर, हे कोणीतरी त्या म्हाताऱ्याकडे सोपवायला हवे होते, असे मला वाचताना राहून राहून वाटते.

स्त्रियांविषयीचीही एक उणीव होती. ज्यांनी मुले जन्माला घालायची त्या मुलींचा कादंबरीत केवळ उल्लेख येतो: तीन बाळंतपणे आणि मग जन्मभर कष्टाचे काम. पण या बाबतीत लेखिकेने स्वतःच कर्ज फेडले. २०१२ साली आलेल्या 'सन' या मालिकेतील चौथ्या पुस्तकात तिने गेब्रिएलला, म्हणजे जोनासने वस्तीतून पळताना सोबत नेलेल्या बाळाला, जन्म देणाऱ्या चौदा वर्षांच्या क्लेअरची कथा सांगितली; बाळ दिसू नये म्हणून प्रसूतीच्या वेळी तिच्या डोळ्यांवर चामड्याचा मुखवटा चढवतात, तिथून ते पुस्तक सुरू होते. एकोणीस वर्षांनंतर एखाद्या लेखिकेने आपल्याच जगात राहून गेलेल्या मुलीकडे वळून पाहावे, याचे मला फार मोल वाटते. याच पुढील पुस्तकांनी जोनास जगला हे निश्चित करून टाकले, त्याचे मात्र मला वाईट वाटले. मूळ कादंबरीच्या शेवटी वस्तीतून पळालेला जोनास छोट्या गेब्रिएलला कवटाळून बर्फाच्या उतारावरून खाली येतो, समोर दिवे दिसतात, संगीत ऐकू येते. ते खरे आहे की गारठलेल्या मुलाच्या मनाचा भास, हे लेखिकेने ठरवले नव्हते, आणि तो शेवट तसाच राहायला हवा होता.

अमेरिकेत ही कादंबरी एकीकडे शाळांतून शिकवली गेली आणि दुसरीकडे अर्भकहत्या, आत्महत्या यांसारख्या विषयांमुळे ती मुलांपासून दूर ठेवावी अशी मागणी वारंवार झाली. नव्वदच्या दशकात सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांच्या तेथील ग्रंथालय संघटनेच्या यादीत तिचे नाव आहे. पुस्तक काढून टाकणे मला मान्य नाही, पण त्या पालकांची भीती खोटी होती असेही मी म्हणणार नाही.

माझ्या भाचीने ही कादंबरी वाचल्यावर मला एकच विचारले होते: जोनास निघून गेल्यावर त्याच्या धाकट्या बहिणीचे, लिलीचे काय झाले असेल? जोनास वस्तीबाहेर गेला की त्याच्याजवळच्या आठवणी परत साऱ्या लोकांवर कोसळणार आहेत. तीच त्याची आणि म्हाताऱ्याची योजना आहे. दहा वर्षांपूर्वी, जोनासच्या आधी वारस म्हणून निवडलेल्या रोझमेरी नावाच्या मुलीने केवळ पाच आठवड्यांच्या आठवणी सोसून स्वतःची 'मुक्ती' मागून घेतली, तेव्हा त्या तेवढ्या आठवणींनी सारी वस्ती सैरभैर झाली होती. आता तर जवळजवळ वर्षभराच्या आठवणी आहेत, आणि त्यांत युद्ध आहे. लोकांना आधार द्यायला म्हातारा मागे थांबतो, हे खरे. पण कोणाला विचारून हे ओझे टाकले गेले, हा प्रश्न कादंबरी जेमतेम स्पर्श करून सोडून देते. भाचीला मी समाधानकारक उत्तर देऊ शकले नाही, आम्ही दोघी त्यावर बराच वेळ वाद घालत राहिलो.

तुमच्या घरात बारा-तेरा वर्षांचे मूल असेल, तर हे पुस्तक त्याच्या हाती अवश्य द्या. मात्र आधी स्वतः वाचा, आणि ते एकोणिसाव्या प्रकरणाशी येईल त्या संध्याकाळी घरी राहा. नमस्कार.